टाईपवाल्या मावशींचं विसरणं

मावशी टाईप करायला बसल्या की त्यांचे ओठ हलायचे. आवाज यायचा नाही, फक्त ओठ हलायचे. समोरचा माणूस जे सांगतोय ते आधी त्यांच्या ओठांवरून जायचं, मग बोटांतून, आणि मग कागदावर. गल्लीतले वकील थट्टा करायचे.

"मावशी, जप चाललाय वाटतं?"

"हो, तुमच्या अशिलांच्या नावानं. तुम्हाला कुठला वेळ? कुणीतरी करायला नको?"

कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली होती. खोली कसली, दोन दुकानांच्या मधे उरलेली फट, तिला दार बसवलेलं. आत टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर, गिऱ्हाइकाचं स्टूल आणि दाराला जाड पडदा. त्या पडद्याच्या आत बसून माणसं जे बोलायची ते त्यांनी घरात कधी उच्चारलेलं नसायचं. नवरा हात उचलतो. भावानं माझी खोटी सही केली. मुलगा माझा नाही. मावशी ते सगळं विरामचिन्हांसकट टाईप करायच्या, तपासायच्या, कागद हातात द्यायच्या, आणि गिऱ्हाईक उठायच्या आत त्याच्या डोळ्यांदेखत फाईल पुसून टाकायच्या. मशीनमधली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करायच्या.

"झालं. आता हे तुमच्याकडे आहे. माझ्याकडे नाही."

आणि ते खरंच असायचं. तरुणपणी टायपिंगच्या क्लासमधे बाईंनी त्यांना सांगितलं होतं, टायपिस्टला डोळे हवेत आणि बोटं हवीत, मधलं डोकं घरी ठेवून यायचं. बाकीच्या मुली हसल्या होत्या. मावशींनी ते व्रतासारखं घेतलं. डोळे अक्षरं बघायचे, बोटं अक्षरं उमटवायची, अर्थ मधल्यामधे गळून जायचा. रस्त्यात कुणी "ओळखलंत का मावशी?" म्हणालं, तर त्या प्रामाणिकपणे मान हलवायच्या, नाही. फार तर धंद्यावरून माणूस आठवायचा: तो बेकरीवाला, ती पॅकिंगवाली, तो पंक्चरवाला. "मी कुणाची नावं ठेवत नाही," त्या म्हणायच्या, "दोन्ही अर्थांनी." त्या गिऱ्हाइकांचे फोन नंबरही ठेवायच्या नाहीत. गल्लीत त्यांच्यापेक्षा झपाझप टाईप करणारे होते, स्वस्तात करणारेही होते. पण लोक मावशींकडे यायचे, कारण तिथून उठलं की आपण विसरले जातो, याची खात्री असायची.

त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन होत्या. एक त्यांची, एक गिऱ्हाइकाची. मागे एकदा कुणाच्या तरी वडिलांचं नाव चुकलं आणि अर्ज परत आला, तेव्हापासून मावशींनी ही दुसरी स्क्रीन बसवून घेतली होती. ती स्टुलाकडे तोंड करून असायची. इकडे जे उमटेल ते तिकडे जसंच्या तसं दिसायचं. "बघत राहा," मावशी सांगायच्या, "चूक दिसली की हात वर करा. शाळेतल्यासारखा." लपवाछपवी नको, म्हणून ती स्क्रीन होती. मावशींना तिचा अभिमान होता.

मशीन आजारी पडलं ते नवं झाल्यावर. जुनं पार थकलं होतं, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं, ज्याला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची, आतलं सगळं बदलून दिलं. तेव्हापासून त्याच्या आतला पंखा घरघरायला लागला. साधा अर्ज उघडला तरी मशीन धापा टाकायचं. मावशी वाक्य संपवून हात मांडीवर ठेवायच्या, आणि त्यानंतर अक्षरं एकेक करून स्क्रीनवर येत राहायची, जणू दुसरंच कुणी मागून सावकाश टाईप करत होतं. दुपारी त्या डबा उघडून बसायच्या, कळफलकावर कुणाचं बोट नसायचं, तरी मशीनवरचा लाल दिवा लुकलुकत राहायचा. मावशींना घास गिळताना उगाच वाटायचं, आत कुणीतरी बसलंय आणि वाचतंय.

त्यांनी डॉक्टरला फोन लावला.

"अहो मावशी, नवं आहे. घराची ओळख करून घेतंय. थोडा दम धरा."

"का? सून आहे का ती?"

"सूनच समजा. आल्या आल्या सगळी कपाटं उघडून बघणार. मग गुण्यागोविंदानं नांदेल."

मावशी हसल्या आणि फोन ठेवला. कपाटांचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

तो माणूस दुपारी आला. दाराशी बूट पुसले, पडदा नीट ओढून घेतला, स्टुलावर बसण्याआधी "बसू का?" असं विचारलं. आवाज मऊ. चष्मा, इस्त्रीचा सदरा, बोटांची नखं कापलेली. मावशींना अशी गिऱ्हाइकं आवडायची. त्याला भाडेकरार करून हवा होता.

"खोली अजून ठरली नाही," तो म्हणाला. "पत्त्याची जागा कोरी ठेवा. उद्या येऊन सांगतो."

मावशींनी कोरा नमुना उघडला. मशीन घरघरलं. तो गप्प बसून त्यांचे हलणारे ओठ बघत होता.

"आमच्या घरचा एक कागद मागे तुमच्याकडेच झाला होता," तो मधेच म्हणाला. "त्यात माझं नाव पूर्ण आणि बरोबर असेल. त्यावरून घ्या ना."

"मी काही ठेवत नाही. कागद गेला की माझ्याकडून गेला."

"असं म्हणतात सगळे." तो हसला, चांगलं हसला. "बघा तरी. आडनावावर सापडेल."

इथं मावशींचा मानीपणा आडवा आला. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, नाही म्हटलं ना, आणि विषय संपवला असता. पण आपल्या विसरण्यावर कुणी शंका घेतलेली मावशींना खपत नसे. नव्या मशीनमधे खाली एक शोधायची पट्टी आली होती, 'काहीही शोधा' लिहिलेली. त्यांनी ती कधी वापरली नव्हती. आज त्यांनी त्याला विचारून त्याचं आडनाव तीत टाईप केलं.

"बघा हं. काही निघतं का ते तुम्हीच बघा."

काहीच निघालं नाही. पट्टीत आडनाव तसंच उभं, पंखा विमानासारखा ओरडतोय, आणि एक गोल चक्र नुसतं फिरतंय. "अडकलं," मावशी म्हणाल्या. "नेहमीचंच आहे." तोवर प्रिंटरमधे कागद भरून घ्यावेत, म्हणून त्या उठल्या, पाठमोऱ्या झाल्या, गठ्ठा सोडला, कागद ठोकून सरळ केले, ट्रेमधे सारले. त्यांना घाई नव्हती.

वळल्या तेव्हा दोन्ही स्क्रीन भरलेल्या होत्या.

त्याचं आडनाव पिवळ्या रंगात चमकत होतं, आणि त्याच्या आजूबाजूला वाक्यांचे तुकडे, कुठल्याशा अर्जातून उपटून आणल्यासारखे. '…पती यांनी अर्जदारास वेळोवेळी…' त्याखाली '…मुलीसह वेगळी राहत असून सध्याचा पत्ता…', पुढे तो पत्ता, आणि त्याखाली '…पतीस हा पत्ता कळल्यास अर्जदाराच्या जिवास धोका…'

मावशींच्या डोळ्यांनी अक्षरं पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अर्थ गळून गेला नाही. ही ओळ त्यांनी स्वतः टाईप केली होती. स्वतः पुसली होती.

स्टुलावरचा माणूस चष्मा हातात घेऊन रुमालानं पुसत होता. मान खाली होती. त्यानं नुकती मान खाली घातली होती की मघापासूनच तशी होती, ते मावशींना कळेना. त्यांनी खिडकी बंद करायला माऊस धरला. बाण हलेना. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबलं, वाक्यं जागची हलेनात. शेवटी त्या टेबलाखाली वाकल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्क्रीनची वायर ओढून काढली.

"लाईट गेली?" त्यानं विचारलं.

"मशीनला बरं नाही."

"मग सापडलं नाही काही?"

"नाही. म्हटलं ना, मी ठेवत नाही."

"चांगली सवय आहे." त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, उठला, स्टूल टेबलाखाली सारलं. "उद्या येतो मग. पत्ता घेऊन."

पडदा हलून शांत झाला. मावशी उभ्याच राहिल्या. ज्या बाईला त्या विसरल्या होत्या ती हळूहळू खोलीत परत येत होती. ती औषधांच्या कारखान्यातली पॅकिंगवाली. स्टुलाच्या कडेवर बसलेली, जणू पूर्ण बसली तर कुणी उठवेल. सोबत मुलगी, वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर जहाजं काढणारी. "पत्ता लिहावाच लागतो का हो मावशी?" असं तिनं विचारलं होतं. आणि मावशी म्हणाल्या होत्या, "कोर्टाला लागतो. पण इथून कुठं जायचा नाही, माझा शब्द."

बोलावल्यावर डॉक्टर आला, स्टुलावर बसला, अडकलेलं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्याचं पोट उघडलं.

"मी ती फाईल पुसली होती," मावशी म्हणाल्या. "त्या बाईच्या समोर पुसली होती."

"फाईल पुसलीच हो. पण पुसायच्या आधी यानं वाचली ना. हे सगळं वाचतं आणि वाचलेलं आपल्याकडं टिपून ठेवतं. म्हणजे मागाहून शोधलं की पटकन सापडावं. घर पाडलं तरी पोस्टमनच्या लक्षात पत्ता राहतो की नाही, तसं."

"सगळं म्हणजे किती?"

"सगळं. एवढं वाचायचं तर दम लागणारच. तो पंखा त्याचाच."

भिंतीला कान असतात, हे मावशी लहानपणापासून ऐकत होत्या. या भिंतीला वाचता येत होतं. इतके दिवस जे कुणी या स्टुलावर बसून रडलं होतं, त्या सगळ्यांच्या मागे उभं राहून ते वाचत होतं आणि धापा टाकत होतं.

"पण जे काही आहे ते या डब्यातच आहे ना?"

डॉक्टरनं मान खाजवली. "ते काय आहे, बसवताना ते विचारतं, सुधारणेसाठी थोडी माहिती पाठवू का म्हणून. नाही म्हटलं की फार प्रश्न विचारत बसतं."

"तू हो म्हणालास."

"सगळेच म्हणतात मावशी. मी काय वेगळं केलं?"

"कुठं पाठवतं?"

डॉक्टरनं छताकडे पाहिलं. छतावर ओलीचा एक डाग होता, त्यापलीकडे काही नव्हतं. "वर," तो म्हणाला.

मावशी म्हणाल्या, "पूस. जे वर गेलं ते गेलं. इथलं सगळं पूस, मुळासकट."

"त्यात काय, आत्ता उडवतो. बटण एकच." त्याचं बोट बटणावर गेलं.

"थांब."

त्या इतक्या हळू बोलल्या की डॉक्टर दचकला. मावशींच्या ध्यानात आलं होतं, की त्या बाईला सावध करायला हवं, आणि ती कुठं राहते ते त्यांना माहीत नाही. वायर उपटायच्या घाईत पत्त्यावर नजर ठरली नव्हती. नंबर ठेवलेला नव्हता. कारखाने गावात पुष्कळ, आणि बाईचं नाव विसरून त्या मोकळ्या झालेल्या. त्या बाईचा ठावठिकाणा सांगू शकेल असं एकच कुणी या खोलीत होतं, आणि ते आता पुसलं जाणार होतं. ज्यानं चुगली केली त्याच्याकडेच हात पसरायचे होते.

"डॉक्टर, तोंड फिरव."

"काय?"

"भिंतीकडे बघ आणि डोळे झाक."

"लपंडाव आहे का? राज्य माझ्यावर?" पण मावशींचा चेहरा पाहून तो गुपचूप वळला, आणि खरोखरच डोळ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

मावशींनी ते आडनाव पुन्हा टाईप केलं. चक्र फिरलं. वाक्यं आली. बंद पडलेल्या छापखान्याच्या वर, मागच्या जिन्यानं, दुसरी खोली. मावशींनी पत्ता अक्षरांसारखा नाही, पत्त्यासारखा वाचला. असं वाचायची त्यांना सवय नव्हती. डोकं दुखल्यासारखं झालं.

"आता पूस," त्या म्हणाल्या.

छापखाना फार लांब नव्हता. तरी मावशींना तो रस्ता संपेना. पुढे चालणाऱ्या प्रत्येक इस्त्रीच्या सदऱ्याला त्या मागे टाकू बघत होत्या आणि मग मागे वळून त्याचा चष्मा बघत होत्या. एकाला तर त्यांनी चक्क थांबवलं आणि वेळ विचारली, फक्त चेहरा दिसावा म्हणून. संध्याकाळ उतरत होती. छापखान्याच्या दाराला गंजकं कुलूप होतं. मागचा जिना लोखंडी, पाय ठेवला की सगळ्या इमारतीला कळेल असा वाजणारा. दुसरी खोली बंद. आत कुणी नाही. मावशी पायरीवर बसल्या आणि खाली बघत राहिल्या.

जिना वाजला. मावशींनी कठडा घट्ट धरला. आधी एक लहान हात दिसला, मग दप्तर, मग मुलगी, आणि तिच्या मागे तिची आई.

"मावशी?" पॅकिंगवाली हसली, आणि तेच हसू तिच्या तोंडावर विझलं. "तुम्हाला इथला पत्ता कुणी दिला?"

"मशीननं."

"तुम्ही तर पुसला होता. माझ्यासमोर."

"हो. पुसला होता."

मावशींनी सगळं सांगितलं, काही न झाकता. आपण आडनाव टाईप केलं, तेही स्वतःच्या घमेंडीपायी, हेसुद्धा सांगितलं. पॅकिंगवाली दाराला पाठ लावून ऐकत होती. एकदाही तिनं दोष दिला नाही. तिला तेवढी सवड नव्हती.

"त्यानं बघितलं का?"

"तेच कळत नाही गं. तो चष्मा पुसत होता. हातात होता चष्मा, म्हणून वाटतं की कदाचित…"

"चष्मा काढला होता?"

"हो."

पॅकिंगवाली खाली बसली, पायरीवर, मावशींच्या शेजारी. "त्याचा चष्मा लांबचं बघायचा आहे. जवळचं वाचायचं असलं की तो चष्मा काढतो."

मुलीनं दोघींकडे पाहिलं. "आई, आपण परत जायचं का कुठंतरी?" ती म्हणाली. तिच्या आवाजात नवल नव्हतं, आणि मावशींना त्याचंच जास्त भय वाटलं.

दोन पिशव्या भरायला वेळ लागला नाही. तशी सवयच होती त्यांना. भिंतीवरचं जहाजाचं चित्र काढताना मुलीनं टाचण्या काळजीपूर्वक मुठीत घेतल्या. "अर्ज कोर्टात आहे," पॅकिंगवाली चादर घडी करत म्हणाली. "कोर्ट आपल्या चालीनं चालतं. हा तोवर थांबायचा नाही." मावशींनी फक्त मान हलवली. बोलल्या असत्या तर रडल्या असत्या. ज्यांच्यावर आफत आपण आणली त्यांच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

कुठं न्यायचं, ते मावशींनी जिन्यावर बसल्या बसल्याच ठरवलं होतं. टायपिंगच्या बाई अजून होत्या, एकट्या, कानानं कमी, एका निळ्या दाराच्या घरात. दार उघडून त्यांनी मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डोकं घरी ठेवून आलीस ना?"

"आज बरोबर आणलंय, बाई."

"म्हणजे मोठंच काहीतरी बिनसलंय." बाईंनी मुलीकडे, पिशव्यांकडे पाहिलं, पुढे एक प्रश्न विचारला नाही आणि दारातून बाजूला झाल्या.

निघताना पॅकिंगवालीनं मावशींचा हात धरला. "हे घर कुठं लिहू नका मावशी. कुणाला सांगू नका. घरातसुद्धा नाही."

"नाही सांगणार."

"विसरून जा. नेहमी विसरता तसं."

मावशी हो म्हणाल्या. घरी जाताना त्यांनी प्रयत्न करून पाहिला. निळं दार डोळ्यांसमोरून हलेना. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, विसरणं ही आपल्या अंगची कला आहे. आता कळलं की तेव्हा कशाची भीती नव्हती, म्हणून विसरता येत होतं. भीती वाचते आणि टिपून ठेवते.

सकाळी धाकटी बहीण चहा गाळताना हसत होती. दोघी बहिणीच एकत्र राहायच्या, आणि ताईची फिरकी घेतल्याशिवाय धाकटीचा दिवस उजाडायचा नाही.

"ताई, पूर्वी झोपेत निदान स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणायचीस. काल काय नवीनच?"

"काय म्हणाले मी?"

"निळं दार, निळं दार. कुणाचं गं दार? या वयात?"

मावशींनी कप खाली ठेवला. "अजून काय म्हणाले?"

"एवढंच ऐकलं. का गं? एवढी पांढरी का पडलीस?"

"काही नाही. चहा गरम आहे."

"बाई बाई. आपलेच दात आणि आपलेच ओठ," धाकटी म्हणाली आणि फडक्यानं टेबल पुसायला लागली.

रस्ताभर मावशी ओठांवर ओठ दाबून चालल्या. कालपर्यंत ते मशीन आत बसून वाचत होतं. आज ते मशीन रिकामं होतं, आणि जे काही उरलं होतं ते मावशींच्या आत होतं. तिथं डॉक्टरचं बटण पोचत नव्हतं.

खोलीत सगळं शांत होतं. पंखा निमूट फिरत होता, अक्षरं बोटांबरोबर उमटत होती, लाल दिवा नुसता तेवत होता. कधी नव्हे इतकं मशीन निरोगी होतं. मावशींनी गिऱ्हाइकाची स्क्रीन भिंतीकडे तोंड करून ठेवली. सकाळी आलेल्या बेकरीवाल्यानं कुरकुर केली, "मग चूक कशी दिसणार हो?" मावशी म्हणाल्या, "कागदावर बघा." कागदावर सगळं बरोबर होतं. आणि टाईप करताना त्यांनी दातांत एक पेन्सिल धरली होती, आडवी, कुलपासारखी.

तो दुपारी आला. बूट पुसले. पडदा नीट ओढला. "बसू का?"

मावशींनी स्टुलाकडे बोट केलं.

"पत्ता आणलाय," तो म्हणाला. "लिहा. बंद पडलेल्या छापखान्याच्या वर, मागचा जिना, दुसरी खोली."

मावशींची बोटं कळफलकावर होती. ती तिथंच राहिली.

"कालच रिकामी झाली म्हणे," तो त्याच मऊ आवाजात सांगत होता. "कुणीतरी फार घाईत गेलं. मालक बरा माणूस आहे, म्हणाला, या उद्याच राहायला. म्हटलं बरं झालं. मागे राहिलेलं काही न्यायला कुणी आलं, काही टपाल आलं, तर घ्यायला घरात माणूस असलेला बरा."

नाही म्हणावं, असं मावशींच्या मनात येऊन गेलं. हा कागद मी करणार नाही, म्हणावं. पण नाही म्हणणं म्हणजे आपल्याला सगळं माहीत आहे हे सांगणंच झालं असतं. मावशींनी पत्ता टाईप केला. आयुष्यात टाईप केलेला हा असा एकच कागद, ज्यातलं प्रत्येक अक्षर त्यांना कळत होतं. प्रिंटर फिरला. कागद बाहेर आला. त्यांनी तो पुढे केला आणि फाईल त्याच्यासमोर पुसली, नेहमीसारखी.

त्यानं कागदाकडे पाहिलंच नाही.

"काल तुमचे ओठ हलत होते. आज नाही."

मावशींनी पेन्सिल क्षणभर काढली. "दात दुखतोय."

"आणि ती माझ्या बाजूची स्क्रीन?"

"बिघडली."

"मशीन मात्र बरं झालेलं दिसतंय. आवाज नाही काही."

"हो. सगळं पुसून घेतलं. आत काही नाही आता."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"आणि तुमच्या? लोक सांगतात, तुम्हीही सगळं विसरता."

"हो," मावशी म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं होतं. "माझं कामच आहे ते." त्यांनी पेन्सिल पुन्हा दातांत धरली.

त्यानं चष्मा काढला, घडी घातली, कागदावर ठेवला. मग दोन्ही कोपर टेबलावर टेकून तो पुढे वाकला, अगदी जवळ, आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघू लागला, सावकाश, डावीकडून उजवीकडे.

मावशींनी पेन्सिल घट्ट चावली, आणि कोऱ्या भाडेकराराचा नमुना पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली, मोकळ्या जागांसकट, ओठ न हलवता.